एका हाताचा सिनेटर : डॅनियल इनोये

सैनिकी पेशा आपल्या समाजाला नवा नाही. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. आपल्या कितीतरी घरांत तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी गणवेशातल्या आजोबांचा नाहीतर मामांचा एखादा पिवळा पडलेला फोटो आजही दिसतो. तेव्हा विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत सैनिकावर लेख आला तर कुणाला नवल वाटू नये. नवल वाटलंच तर एवढ्याचंच वाटेल की आम्ही ज्या सैनिकाविषयी लिहीत आहोत तो आपल्या देशातला नाही. तो बौद्धही नव्हता. डॅनियल केन इनोये हे मेथडिस्ट पंथाचे ख्रिश्चन होते. पण ज्या पलटणीत ते लढले तिच्यातली फार मोठ्या संख्येनं पोरं बौद्ध घरांतली होती. ज्या अपमानाला तोंड देत ती लढली त्याची जात आपल्या ओळखीची आहे. म्हणून हा लेख.

इनोये हे अमेरिकेच्या हवाई बेटांतले. त्यांचे आजोबा आसाकिची हे जपानच्या फुकुओका प्रांतातल्या योकोयामा गावचे. एका रात्री त्यांच्या घराला आग लागली, ती शेजारच्या घरांत पसरली, आणि गावाच्या रीतीप्रमाणे नुकसानभरपाई इनोये कुटुंबावर आली. रक्कम चारशे डॉलरच्या घरात होती, आणि शेतीच्या उत्पन्नातून ती फिटणं शक्यच नव्हतं. म्हणून आसाकिची १८९९ साली बायको आणि लहानग्या मुलाला घेऊन हवाईतल्या कौआई बेटावर उसाच्या मळ्यात करारावर मजूर म्हणून आले. पाच वर्षांचा करार संपला की परत जायचं असा बेत होता. कर्ज फिटायला जवळजवळ तीस वर्षं लागली. तोवर मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, घर तिथलंच झालं. सावकाराचं कर्ज फेडायला गाव सोडून गिरणीत नाहीतर रेल्वेत आलेली माणसं आपल्यातही होती, त्यांच्या नातवंडांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

डॅनियल यांचा जन्म ७ सप्टेंबर १९२४ रोजी होनोलुलूत झाला. चार भावंडांत ते थोरले. आई कामे ही लहानपणीच पोरकी झालेली. तिला काही काळ एका मूळ हवाईयन कुटुंबानं सांभाळलं, मग एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरी ती वाढली. मूळ हवाईयन लोकांचं आपल्यावर ऋण आहे, ते तू फेड, असं ती मुलाला सांगत असे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

पोराला सर्जन व्हायचं होतं. ७ डिसेंबर १९४१ च्या रविवारी सकाळी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले तेव्हा तो सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. रेडक्रॉसचं प्रथमोपचाराचं शिक्षण झालेलं असल्यामुळं सायकलवर टांग टाकून तो मदतकेंद्रावर गेला आणि पुढचे काही दिवस जखमींना आणि मुडद्यांना उचलण्यात गेले. आकाशात दिसलेल्या वैमानिकांचा चेहरामोहरा आपल्यासारखाच आहे, आणि आता आपलं आयुष्य पूर्वीसारखं राहणार नाही, हे त्याला त्याच सकाळी कळून चुकलं होतं, असं इनोये पुढे सांगत.

आणि तसंच झालं. हवाईत त्या वेळी दीड लाखाहून अधिक जपानी वंशाचे लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. पहिल्या काही तासांतच पकडापकडी सुरू झाली. सर्वांत आधी कुणाला पकडलं? बौद्ध भिक्खू आणि पुरोहितांना, जपानी भाषेच्या शिक्षकांना, समाजाच्या पुढाऱ्यांना. विहारांना टाळी लागली. अनेक घरांनी बुद्धाच्या मूर्ती आणि ग्रंथ जमिनीत पुरून ठेवले नाहीतर जाळून टाकले, कारण घरात बुद्धमूर्ती सापडणं म्हणजे देशद्रोहाचा पुरावा अशी हवा होती. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तर कहर झाला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत डांबलं. त्यातले दोन-तृतीयांश लोक जन्मानं अमेरिकन नागरिक होते. एकावरही हेरगिरीचा खटला चालला नाही. हवाईत एवढी सरसकट धरपकड झाली नाही, त्याचं कारण दया नव्हे. सगळ्यांना डांबलं असतं तर मळे, गोदी आणि लष्कराची कामं बंद पडली असती.

जपानी वंशाच्या तरुणांना लष्करभरतीच्या यादीत 'शत्रू परकीय' अशा वर्गात टाकलं होतं. अमेरिकेत जन्मलेल्या, अमेरिकेच्या शाळेत शिकलेल्या पोरांना! इथं आपल्याला आपला इतिहास आठवल्याशिवाय राहत नाही. इंग्रजांनी आपल्या माणसांच्या जोरावर लढाया मारल्या आणि १८९२ च्या सुमारास 'लढवय्या जातीं'चं खूळ डोक्यात घेऊन महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तशी १११ महार पलटण उभी केली आणि गरज सरताच ती मोडून टाकली. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. म्हणजे होनोलुलूच्या पोरांना लष्कराचा दरवाजा बंद झाला त्याच्या दोन-तीन महिने आधी आपल्या पोरांना तो पुन्हा उघडला होता.

हवाईतल्या पोरांनीही अर्ज-विनंत्या करून दार ठोठावलंच. १९४३ च्या आरंभी सरकारनं जपानी वंशाच्या स्वयंसेवकांची वेगळी ४४२ वी रेजिमेंटल कॉम्बॅट टीम उभी करायचं ठरवलं. हवाईतून दीड हजार जण हवे होते, सुमारे दहा हजार पोरं पुढं आली. अखेर २,६०० हून अधिक घेतली. इनोये तेव्हा वैद्यकीय अभ्यासाची तयारी करीत विद्यापीठात शिकत होते. मदतकेंद्रावर काम करतो म्हणून त्यांचं नाव प्रथम वगळलं गेलं, तर त्यांनी ते काम सोडलं आणि पुन्हा नाव दिलं. निरोप देताना वडिलांनी पोराला एवढंच बजावलं की या देशानं आपल्याला पोटाला दिलं आहे, घराण्याला काळिमा लागेल असं काही करू नकोस, मरायची वेळ आली तर मानानं मर. आपल्याकडं भरतीला निघालेल्या पोराला बापानं यापेक्षा वेगळं काय सांगितलं असतं?

मिसिसिपीतल्या कॅम्प शेल्बीत शिक्षण सुरू झालं तेव्हा एक गंमतच झाली. हवाईची पोरं आणि मुख्य भूमीवरची पोरं, दोघंही जपानी वंशाची, पण त्यांचं मुळीच पटेना. रोज मारामाऱ्या. हवाईवाले दुसऱ्यांना 'कटोंक' म्हणत, म्हणजे पोकळ डोकं जमिनीवर आपटल्यावर येणारा आवाज. दुसरे हवाईवाल्यांना 'बुद्धाहेड' म्हणत. हा शब्द वाचून आपल्या वाचकांनी उगीच सुखावू नये. जपानीतल्या डुकराला म्हणणाऱ्या 'बुता' या शब्दाचा तो अपभ्रंश असल्याचं सांगतात. भांडण इतकं विकोपाला गेलं की पलटण मोडावी असा विचार होऊ लागला. मग अधिकाऱ्यांनी हवाईच्या काही पोरांना, त्यात इनोये होते, गाड्यांत बसवून आर्कान्सा राज्यातल्या रोहवर छावणीला पाठवलं. पोरं गाणी म्हणत निघाली होती, कुणी सोबत वाद्यं घेतली होती. समोर काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे, मशीनगनवाले शिपाई, आणि आत आपल्यासारख्याच चेहऱ्यांची म्हातारीकोतारी, बायका, पोरं. ज्यांच्याशी रोज हातघाईवर येत होतो त्यांचे आईबाप या तारांमागं आहेत आणि तरी ही पोरं स्वतःहून सैन्यात आली आहेत, हे त्या दिवशी कळलं. परतताना गाडीत कुणी गाणं म्हटलं नाही. आपण या छावणीत असतो तर स्वयंसेवक म्हणून नाव दिलं असतं का, हा प्रश्न आयुष्यभर सुटला नाही, असं इनोये नंतरही बोलून दाखवीत. दुसऱ्या दिवसापासून पलटण एक झाली.

बौद्ध सैनिकांची आणखी एक अडचण होती. सैनिकाच्या गळ्यात जो धातूचा बिल्ला असतो त्यावर धर्माची खूण असे, म्हणजे मेला तर अंत्यविधी कसा करायचा ते समजावं. प्रोटेस्टंट, कॅथॉलिक आणि ज्यू एवढ्याच तीन खुणा होत्या. बौद्धांसाठी खूणच नव्हती. पलटणीबरोबर धर्मगुरू म्हणून गेले तेही ख्रिश्चन होते, भली माणसं होती, पण बौद्ध नव्हती. अमेरिकेच्या सैन्यदलांत पहिला बौद्ध धर्मगुरू नेमला गेला तो २००४ साली! आपल्या धम्माची नोंद कागदावर करून घेण्यासाठी जनगणनेच्या वेळी आपल्याला किती झगडावं लागतं ते आठवा, म्हणजे यातलं दुःख कळेल.

या पलटणीचं घोषवाक्य जुगाराच्या अड्ड्यावरचं होतं, सगळं काही पणाला लावा अशा अर्थाचं. इटलीत लढून १९४४ च्या शरद ऋतूत ती फ्रान्सच्या व्होज डोंगरांत आली. तिथं टेक्सासच्या एका बटालियनचे सैनिक शत्रूच्या वेढ्यात सापडले होते. २११ जणांना सोडवून आणताना ४४२ चे सुमारे ८०० जण ठार आणि जखमी झाले. सुटका झालेल्यांपेक्षा सोडवायला गेलेल्यांचं रक्त कितीतरी जास्त सांडलं. हा हिशेब कुणी मांडायचा आणि कसा मांडायचा, यावर पलटणीच्या म्हाताऱ्या जवानांत पुढे अनेक वर्षं कडवट चर्चा होत राहिली. इनोये यांना याच मोहिमेच्या काळात रणांगणावरच सेकंड लेफ्टनंट केलं गेलं. एकदा गोळी नेमकी छातीवर आली ती खिशातल्या चांदीच्या दोन डॉलरवर अडली. ती नाणी ते मग जवळ बाळगू लागले. पुढच्या लढाईच्या तोंडावर ती हरवली.

पुढची लढाई म्हणजे २१ एप्रिल १९४५. जागा, इटलीत सान तेरेंझोजवळची कोल्ले मुसातेल्लो ही डोंगराची धार. इटलीतलं युद्ध संपायला जेमतेम अकरा दिवस राहिले होते. (त्याच इटलीत बाराच दिवसांपूर्वी, ९ एप्रिलला, सेनिओ नदीवर नगर जिल्ह्याच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता, आणि आदल्या वर्षी जुलैत रायगडकडचे यशवंत घाडगे तो क्रॉस मिळवताना धारातीर्थी पडले होते. मराठी मुलूख आणि हवाई बेटं यांची गाठ अशी इटलीच्या डोंगरात पडते.) वर जर्मनांच्या तीन मशीनगन होत्या. इनोये आपली तुकडी घेऊन चढले. पोटात गोळी शिरली तरी थांबले नाहीत, दोन ठाणी उडवली. तिसऱ्यावर फेकायला हातबॉम्बची खीळ काढून हात उगारला आणि शत्रूच्या रायफल ग्रेनेडनं उजवा हात कोपराजवळ जवळजवळ तोडून टाकला. तुटलेल्या हाताच्या मुठीत जिवंत बॉम्ब तसाच आवळलेला. मदतीला धावणाऱ्या सोबत्यांना त्यांनी ओरडून दूर ठेवलं, डाव्या हातानं तो बॉम्ब मुठीतून उपसला आणि ठाण्यावर फेकला. मग डाव्या हातात बंदूक धरून पुढं गेले, पायाला गोळी लागली तेव्हा कुठं खाली घरंगळले.

इस्पितळात हात कापावा लागला. रक्ताच्या बाटल्यामागून बाटल्या चढवाव्या लागल्या. त्या काळी अमेरिकेत गोऱ्याचं आणि काळ्याचं रक्त वेगवेगळं साठवीत असत. होय, रक्तातसुद्धा विटाळ! पण आपल्याला जे रक्त चढलं त्यातलं बरंचसं जवळच लढणाऱ्या काळ्या सैनिकांच्या डिव्हिजनमधल्या जवानांनी दिलेलं होतं, हे इनोये अभिमानानं सांगत. आम्हाला वाटतं, त्यांच्या पुढच्या राजकारणाचा अर्धा अर्थ या एका गोष्टीत आहे.

मायदेशी परतल्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ते केस कापायला एका न्हाव्याच्या दुकानात गेले. अंगावर कॅप्टनचा गणवेश, छातीवर पदकांच्या फिती, उजव्या बाहीतून हाताऐवजी लोखंडी आकडा बाहेर आलेला. न्हाव्यानं विचारलं, तू चिनी की जपानी? वडील जपानी, मी अमेरिकन, असं उत्तर मिळाल्यावर त्यानं सांगितलं की आम्ही जपड्यांचे केस कापत नाही. इनोये काही न बोलता बाहेर पडले. दुकान फोडून टाकावंसं वाटलं होतं, पण मग त्यांना त्या माणसाची कीवच आली. केस कापण्यावरून काय काय सोसावं लागतं हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावं. गावच्या न्हाव्याच्या कात्रीला म्हशी भादरलेल्या चालत होत्या आणि आपलं डोकं चालत नव्हतं.

सर्जन होण्याचा प्रश्न आता उरला नव्हता. मिशिगन राज्यातल्या पर्सी जोन्स लष्करी इस्पितळात वीस महिन्यांच्या आसपास उपचार झाले. एका हातानं बुटाची नाडी बांधायला, काडी पेटवायला शिकावं लागलं. त्याच इस्पितळात त्यांच्याच वयाचा, इटलीतच उजवा हात लुळा झालेला एक गोरा तरुण होता, बॉब डोल. दोघं पत्ते खेळत. पुढं काय करणार असं इनोयेंनी विचारलं तेव्हा डोलनं सगळा बेत सांगितला, आधी वकिली, मग राज्याचं विधिमंडळ, मग वॉशिंग्टनची काँग्रेस. इनोयेंना बेत आवडला. गंमत अशी की काँग्रेसमध्ये आधी तेच पोचले आणि डोलला चिडवायची संधी त्यांनी सोडली नाही. दोघं विरोधी पक्षांत राहूनही शेवटपर्यंत मित्र राहिले. आजारी सैनिकांतला फिलिप हार्ट हाही पुढे सिनेटर झाला. या तिघांचं नाव आता त्या इमारतीला दिलेलं आहे.

सैनिकांसाठीच्या शिष्यवृत्तीवर इनोये १९५० साली हवाई विद्यापीठातून पदवीधर झाले आणि वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातून वकील होऊन आले. दरम्यान मार्गारेट आवामुरा या विद्यापीठात शिकवणाऱ्या मुलीशी लग्न झालं. दुसऱ्याच भेटीत त्यांनी मागणी घातली होती. शिक्षणाच्या काळात घर मार्गारेटबाईंच्या पगारावरही चाललं. कर्तबगार पुरुषांची चरित्रं लिहिताना हे वाक्य लेखक मंडळी गाळतात, आम्ही गाळणार नाही. रमाईंच्या लेकरांनी तरी ते गाळू नये.

हवाईत तेव्हा पाच बड्या कंपन्यांचं राज्य होतं. साखर, अननस, जहाजं, बँका, सगळं त्यांच्या मुठीत, आणि विधिमंडळ मळेवाल्यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या ताब्यात. (आपल्या १९५७ च्या रिपब्लिकन पक्षाशी याचा नावापलीकडे संबंध नाही.) युद्धावरून आलेली पोरं आता आजोबांसारखं मळ्यात मान खाली घालून राहायला तयार नव्हती. जॉन बर्न्स नावाचा एक माजी पोलीस अधिकारी, गोदी आणि मळ्यातल्या कामगारांची युनियन, आणि ही ४४२ ची पोरं यांची मोट बांधली गेली. १९५४ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षानं विधिमंडळ जिंकलं आणि मळेवाल्यांची सद्दी संपली. इनोये निवडून आले ते थेट बहुमताचे नेते म्हणूनच बसले. आमच्या मते या गोष्टीत शिकण्यासारखं आहे ते हे. नुसते शूर जवान असून भागलं नाही, नुसती युनियन असूनही भागलं नसतं. चिनी, जपानी, फिलिपिनो, मूळ हवाईयन आणि गरीब गोरे यांना एका झेंड्याखाली आणल्यावरच सत्ता हलली.

२१ ऑगस्ट १९५९ रोजी हवाई अमेरिकेचं पन्नासावं राज्य झालं आणि इनोये त्या राज्याचे प्रतिनिधीगृहातले पहिले सदस्य म्हणून निवडून गेले. जपानी वंशाचा हा काँग्रेसमधला पहिलाच माणूस. (आशियाई वंशाचे पहिले सदस्य मात्र आपल्या पंजाबचे दलिपसिंग सौंद, ते १९५७ मध्येच तिथं बसले होते.) शपथविधीच्या वेळी सभापती सॅम रेबर्न रीतीप्रमाणे म्हणाले की उजवा हात वर करा. इनोयेंनी हात वर केला, पण तो डावा होता. सभागृह चिडीचूप झालं. त्या क्षणी सभागृहात साचलेला पूर्वग्रह गळून पडला, अशी आठवण एका सहकारी सदस्यानं पुढे नोंदवून ठेवली आहे. आम्हाला ते जरा भाबडं वाटतं. पूर्वग्रह इतक्या सहजी गळून पडत नसतो, आणि त्याचा पुरावा पुढे मिळालाच.

१९६२ साली ते सिनेटवर निवडून आले आणि जानेवारी १९६३ पासून मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं, तिथं राहिले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या बाजूनं त्यांनी मत दिलं. १९६८ साली शिकागोच्या पक्ष-अधिवेशनात मुख्य भाषण त्यांचं झालं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी हंफ्रींना फोनवर सुचवलंही होतं की उपाध्यक्षपदासाठी इनोये घ्या, त्या रिकाम्या बाहीकडं पाहिल्यावर व्हिएतनामवरून कुणी बोट दाखवू शकणार नाही. हंफ्रींनी दुसऱ्याला घेतलं. मोठ्या लोकांच्या हिशेबात रिकामी बाहीसुद्धा एक नाणं असतं, ते हे असं.

१९७३ साली निक्सन यांच्या वॉटरगेट प्रकरणाची चौकशी सिनेटच्या समितीनं दूरदर्शनवरून साऱ्या देशासमोर केली. इनोये समितीवर होते. शांतपणे, आवाज न चढवता प्रश्न विचारीत. निक्सनच्या माजी सहकाऱ्यांचे वकील जॉन विल्सन वैतागून पत्रकारांजवळ त्यांना 'तो छोटा जपडा' असं म्हणाले. विल्सन यांनी सारवासारव केली ती अशी की मला कुणी 'छोटा अमेरिकन' म्हटलं तर मला राग येणार नाही. म्हणजे देशासाठी हात दिलेला, दहा वर्षं सिनेटमध्ये असलेला माणूससुद्धा अमेरिकन नाही, अमेरिकन तो फक्त गोरा वकील! देशभरातून इनोयेंच्या बाजूनं पत्रांचा पाऊस पडला हे खरं. पण १९४५ चा न्हावी आणि १९७३ चा वकील यांच्यात फरक फक्त कोटाचा होता.

पुढं १९७६ मध्ये सरकारी गुप्तहेर खात्यांवर लक्ष ठेवणारी नवी समिती झाली तिचे ते पहिले अध्यक्ष, आणि १९८७ मध्ये इराणला चोरून शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वाच्या बंडखोरांना दिल्याच्या प्रकरणात सिनेटच्या समितीचे अध्यक्ष. या सगळ्यावर पुष्कळ लिहिता येईल, पण आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं काम वेगळंच आहे.

ते काम म्हणजे छावण्यांचा हिशेब. डांबलेल्या लोकांनी तीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं. अपमान माणूस घरातसुद्धा सांगत नाही. पुढच्या पिढीनं विचारायला सुरुवात केली तेव्हा सरकारकडं थेट नुकसानभरपाई मागावी असं अनेकांचं म्हणणं होतं. इनोयेंनी सल्ला दिला की आधी सरकारी आयोग नेमा. काय झालं ते बहुसंख्य अमेरिकनांना ठाऊकच नाही, ते आधी सरकारी कागदावर येऊ द्या. यावर तरुण मंडळी चिडली, हा वेळकाढूपणा आहे म्हणाली. १९८० साली आयोग झाला. गावोगाव सुनावण्या झाल्या, साडेसातशेच्या आसपास माणसं बोलली, काही जण आयुष्यात पहिल्यांदा. १९८३ मध्ये निष्कर्ष आला की छावण्यांना लष्करी गरजेचा आधार नव्हता. वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश ही खरी कारणं. सिनेटमध्ये विधेयक रेटून नेलं ते मात्र हवाईच्याच दुसऱ्या सिनेटरनं, स्पार्क मात्सुनागा यांनी. तेही १०० व्या बटालियनचे जखमी जवान. त्यांनी एकेका सिनेटरला गाठून सह्या मिळवल्या. १० ऑगस्ट १९८८ रोजी कायदा झाला. त्यात राष्ट्राच्या वतीनं माफी, आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर.

पण कायदा झाला तरी पैसे कुठं होते? अंदाजपत्रकात तरतूदच होईना आणि म्हातारी माणसं रोज मरत होती. इथं इनोयेंचं जुनं कसब कामी आलं. ते खर्चाच्या समितीवरचे मुरलेले सभासद. १९८९ साली त्यांनी अशी व्यवस्था केली की ही रक्कम दरवर्षी मागावी लागणार नाही, ती देणं सरकारला बंधनकारकच राहील. त्या वेळी सभागृहात ते रोहवर छावणीविषयी बोलले. स्वतः त्यांना एक छदामही मिळणार नव्हता, ते छावणीत नव्हतेच. ऑक्टोबर १९९० मध्ये पहिले धनादेश सर्वांत म्हाताऱ्या लोकांच्या हाती पडले. पुढं ८२,००० हून अधिक जणांना ते मिळाले. कायदा संमत होणं निराळं आणि पैसा हाती पडणं निराळं, हे शिष्यवृत्तीची फाईल घेऊन कचेरीत खेटे घातलेल्या आपल्या पोरांना पुरतं माहीत आहे.

याच ठिकाणी एका प्रश्नाला भिडावं लागतं. ४४२ ची कहाणी अमेरिकेत अशी सांगितली जाते की या पोरांनी रक्त सांडून आपली निष्ठा सिद्ध केली आणि हक्क कमावले. आपल्याकडंही असं बोलणारे आहेत, आम्ही इतक्या लढाया लढलो, म्हणून आम्हाला मान द्या. आम्हाला हे पटत नाही. नागरिकाचा हक्क जन्मानं असतो, तो रणांगणावर पुन्हा विकत घ्यायला लागू नये. बाबासाहेबांनी सैन्याचं दार उघडून घेतलं, पण हक्क मागितले ते माणूस म्हणून. छावणीत काही तरुण असेही होते की त्यांनी आधी आमच्या आईबापांना सोडा, मगच भरती होतो असं सांगितलं आणि ते तुरुंगात गेले. समाजानं त्यांना कितीतरी वर्षं वाळीत टाकलं. आपण छावणीत असतो तर काय केलं असतं हे सांगता येत नाही असं इनोये म्हणत, तेव्हा ते या तरुणांना दोष देत नव्हते, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. छातीवर पदकं असलेल्या माणसाला असं म्हणणं सोपं नसतं.

आईचं ऋणही त्यांनी विसरलं नाही. १९८७ पासून आठ वर्षं ते सिनेटच्या मूळ अमेरिकन जमातींविषयीच्या समितीचे अध्यक्ष होते. हे पद कुणाला नको असायचं, मतं मिळत नाहीत ना. १९८९ च्या कायद्यानं त्या जमातींचं राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झालं आणि सरकारी संग्रहालयात खोक्यांत पडलेली त्यांच्या पूर्वजांची हाडं परत करण्याची तरतूद झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बाजूनं लढलेल्या फिलिपिनो सैनिकांचे लाभ १९४६ साली कायदा करून काढून घेतले होते. २००९ मध्ये, त्रेसष्ट वर्षांनी, त्यांना एकरकमी पैसे मिळाले ते इनोयेंच्या चिकाटीमुळं. नागरिक असलेल्यांना १५,००० डॉलर आणि नसलेल्यांना ९,०००. हयात किती राहिले होते तोवर, हा प्रश्न आहेच.

युद्ध पाहिलेला हा माणूस १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या ठरावाविरुद्ध आणि २००२ मध्ये इराकवरच्या युद्धाविरुद्ध उभा राहिला. दोन्ही वेळा वारं उलट होतं.

सगळंच सोन्यासारखं होतं असं मात्र नाही. सरकारी तिजोरीतून हवाईला भरमसाट पैसा ओढून नेतात अशी टीका त्यांच्यावर कायम झाली, आणि तसं करतो याची त्यांना लाजही नव्हती. १९९२ च्या निवडणुकीत एका महिलेनं त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप केला. त्यांनी तो नाकारला, सिनेटमधली चौकशी पुढं गेली नाही, लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. निवडून येणं म्हणजे आरोपाचा निकाल लागणं नव्हे, म्हणून चरित्रात ही नोंद राहिली पाहिजे.

१९४५ साली त्यांना दुसऱ्या क्रमांकाचं शौर्यपदक मिळालं होतं. सर्वोच्च पदक युद्धानंतर लगेच ४४२ च्या एकाच जवानाला, तेही मरणोत्तर मिळालं. पदकं देताना चेहरा पाहिला गेला का याची चौकशी पन्नास वर्षांनी झाली आणि २१ जून २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आशियाई वंशाच्या २२ जणांना सर्वोच्च पदक दिलं. इनोये त्यात होते. समारंभात घ्यायला हयात असलेले थोडेच होते.

२०१० मध्ये ते सर्वांत ज्येष्ठ सदस्य म्हणून सिनेटचे प्रभारी अध्यक्ष झाले, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या वारसाक्रमात तिसरे. पत्नी मार्गारेट २००६ मध्ये गेल्या होत्या. १७ डिसेंबर २०१२ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी इनोये वारले. ओठांवरचा शेवटचा शब्द 'अलोहा' होता असं त्यांच्या कचेरीनं कळवलं. नमस्कार, निरोप आणि माया, तिन्ही अर्थ त्या शब्दात आहेत, आपल्या 'जय भीम'सारखेच. संसदेच्या घुमटाखाली त्यांचं पार्थिव ठेवलं गेलं. २०१७ मध्ये होनोलुलूच्या विमानतळाला त्यांचं नाव दिलं गेलं.

त्यांच्या अस्थी होनोलुलूच्या पंचबोल राष्ट्रीय स्मशानभूमीत आहेत. ४४२ ची कितीतरी पोरं तिथंच विसावली आहेत. त्यांच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर धम्माची खूण नव्हती. या जमिनीलगतच्या सपाट दगडांवर आता क्रूसाबरोबरच अनेक ठिकाणी आठ आऱ्यांचं धम्मचक्र कोरलेलं आहे.